गारव्याचा आवाज

युमाच्या वाळवंटात, राहत्या गाड्यांच्या तळावर, माझ्या छोट्या कॅम्परगाडीचा एसी ट्रॅक्टरसारखा घरघरायचा. “व्हर्ना, डब्यात गिरणी घातलीस की काय? झोप उडाली माझी,” शेजारच्या गाडीतला अर्ल रोज दुपारी ओरडायचा. मी कामावर गेले की माझी म्हातारी कुत्री पिकल आत गारव्यात असायची. घरघर थांबली की मात्र अर्लच धावत यायचा, विजेच्या खांबावरचा, भार वाढून पडलेला खटका वर करायचा, आणि पुन्हा शिव्या द्यायचा. शेवटी मी सगळ्यांत शांत एसी शोधून बसवला. “आता कशी माणसांत आलीस,” अर्ल म्हणाला. आज परतले तर दाराच्या कडीनं हात पोळला. खटका पडलेला होता. पिकल कोरड्या भांड्यात तोंड घालून मेली होती. बाहेर अर्ल खुर्चीत आळोखेपिळोखे देत होता. “काय मशीन आणलंस गं,” तो म्हणाला, “हूं की चूं नाही. मस्त झोपलो.”