दुखण्याचं नाव
साळूबाईची सून संयोगिता बाळंतपणानंतर तान्ह्या लेकीकडे बघेनाशी झाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून रडायची. कुणी करणी म्हणालं, कुणी नखरे. साळूबाईनं तिला थेट साताऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "हा मनाचा आजार आहे. बाळंतपणानंतर काहींना होतो. हिचा यात दोष नाही, उपचारांनी बरी होईल," बाई म्हणाल्या. साळूबाईनं चाचरत विचारलं, "आवं, जुन्या काळी बी ह्यो आजार हुता व्हय?" "होता की. पण तेव्हा कुणी ओळखत नव्हतं."  धाकट्या भावाच्या जन्मानंतर साळूबाईच्या आईनं विहीर जवळ केली होती. पोरं टाकून गेलेली म्हणून घरानं तिचं नावही टाकलं. साळूबाईसुद्धा जन्मभर तिच्यावर रुसून राहिली. आज मात्र तिला आईच्या कुशीत शिरावंसं वाटलं. सुनेला जवळ ओढून ती पुटपुटली, "माजी आय आजारी हुती गं."