दहाव्याचा कावळा

प्रवरेच्या घाटावर पिंड मांडून सगळे लांब उभे राहिले. कावळे लिंबावर बसून होते, पण एकही खाली येईना.

"थोडं थांबू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू," गुरुजी म्हणाले.

वत्सलाबाईंच्या पिशवीतल्या फोनमधून दिगंबररावांचा आवाज आला, "काय गं, शिवला का?"

"नाही अजून," पिशवीत वाकून त्या म्हणाल्या.

दिगंबरराव हयातभर विज्ञानाच्या बातम्यांना हसले. गेलेली माणसं फोनमधून बोलणार, असं पेपरात आलं तेव्हा म्हणाले, "थापा! पेपर खपवायचे धंदे." शेवटच्या आजारात मुलाने त्यांचं मन फोनमध्ये उतरवून घेतलं. पण फोनमधले दिगंबररावही तेवढेच हट्टी निघाले.

"मी नुसती नक्कल आहे," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "खरा तो गेला. नकलेशी कसला संसार करतेस? कावळा शिवला की हे बंद कर. शब्द दे मला."

वत्सलाबाईंनी रडत शब्द दिला होता.

एवढ्यात एक कावळा उतरला आणि भाताला चोच मारून उडाला. सुस्कारा सोडून लोक आपसात बोलू लागले. मुलाने डोळे पुसले.

"गलका कसला? शिवला ना?" पिशवीतून आवाज आला.

वत्सलाबाईंनी उष्टावलेल्या पिंडाकडे पाहिलं.

"नाही हो. नाही शिवला."

"मग दर्भाचा करायला सांग गुरुजींना."

त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"दर्भाचा म्हणजे नुसती नक्कल," त्या म्हणाल्या. "त्याचं काय खरं धरायचं?"