दुभाषी

काट्यावरचा आकडा पाहून नर्स खूश झाली. ईशानचं वजन चांगलं वाढलं होतं. बाळाच्या तपासणीची एकही खेप उल्कानं चुकवली नव्हती, आणि दर खेपेला सगळ्यांचे डोळे काट्याकडे. बाळ गुटगुटीत असलं की आईकडे कोण बघतं?

नर्सनं मात्र रिवाजाप्रमाणे विचारलं, "अँड मॉम? हाऊ आर यू?"

"फाइन," उल्का डायपर लावत म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिच्या सासूबाई बसल्या होत्या, अहिल्याबाई. बाळंतपणासाठी नागपूरहून अमेरिकेत, रेडमंडला आलेल्या. सहा महिने भरले, शुक्रवारचं विमान होतं. मग दिवसभर घरात उल्का आणि ईशान दोघंच. या विचारानं त्यांना आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं.

"काय विचारलं तिनं?"

"मी कशी आहे म्हणून."

"तू काय म्हणालीस?"

"बरी आहे म्हटलं, आई."

सुनेची अब्रू झाकायला अहिल्याबाईंना कुणी शिकवायला नको होतं. इतके दिवस त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखंच केलं होतं.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "माझी सून रोज बाथरूमचा नळ सोडून रडते. काल बाळ रडून रडून निळं पडलं, तरी हिनं उचललं नाही. भिंतीकडे बघत बसली. मी गेल्यावर काय होईल, याची मला भीती वाटते. सांग."

उल्काचे हात थांबले. म्हणजे यांना सगळं ऐकू जात होतं.

आजी काय म्हणताहेत, असं नर्सनं विचारलं. उल्का इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलली, एका दमात.

नर्सचा चेहरा खुलला. अहिल्याबाईंचा हात हातात घेऊन ती हसत हसत काहीतरी म्हणाली.

"तुमच्या तेल-मालिशनं बाळानं छान अंग धरलंय, म्हणते," उल्का खाली बघत म्हणाली.

अहिल्याबाईंना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. त्या नर्सच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मी सांगितलं ते ऐकून कुणी हसत नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "आता खरं सांग."