पुढचं शिबिर

इंदुमती सिस्टर अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, तेवढ्यात धोंडिबा फाटकाशी येऊन उभा राहिला. गावात तपासणी शिबिर लागलं की उसात जाऊन लपणारा गडी तो हाच. सिस्टर बांधावरून हाका मारमारून दमायच्या, पण पठ्ठ्या कधी सापडला नाही.

आता शिबिरं बंद होती. गावातल्या प्रत्येकाच्या दंडात, कातडीखाली, तांदळाएवढा दाणा बसवलेला होता. तो रक्तदाब मोजायचा, साखर मोजायचा. कुणी तंबाखू खाल्लेली कळली, तरी मुकाट्यानं औषध तेवढं जास्त सोडायचा. त्याच्या तावडीतून धोंडिबाही सुटला नव्हता.

"काय रे, दाणा बिघडला?"

"छे हो, झकास चाललाय." धोंडिबानं बाही वर सारली. "तुमचा तो रक्तदाबाचा जुना पट्टा बांधा की जरा."

सिस्टरांनी ट्रंकेतून पट्टा काढला. त्याचा रबरी फुगा कधीच चिरला होता, दाबला की नुसती हवा जायची. तरी त्यांनी तो दंडाला नीट गुंडाळला आणि पूर्वीसारखं चष्म्यावरून पाहिलं.

"तंबाखू सोडलीस?"

"केव्हाच!" म्हणता म्हणता धोंडिबाचा हात खिशावर गेला.

"खोटं बोलतोस मेल्या? नातवंडं झाली तरी अक्कल नाही आली! काढ ती पुडी!"

धोंडिबानं पुडी काढून दिली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बायको गेल्यापासून असं कुणी रागावलंच नव्हतं," तो म्हणाला. "सिस्टर, पुढचं शिबिर कधी?"