साखरेच्या डब्याचं झाकण

बायको गेल्याचं कळवायला त्याने समुद्रापलीकडच्या त्या गावात फोन केला, तेव्हा मासेमारी करणाऱ्या बायकांची पुढारीण आधी रडली आणि मग म्हणाली, "भाऊजी, आता खाडी उघडायला तुम्हीच या."

बायको तिथे स्वयंसेवक म्हणून राहून आली होती. खेकडे संपत आलेले बघून तिनेच गावाला पटवलं होतं, की काही काळ खाडीत कुणी उतरायचं नाही.

खाडी उघडली त्या सकाळी अख्खं गाव टोपल्या आणि जाळी घेऊन पाण्यात धावलं. नुसता आरडाओरडा आणि हसणं. त्यालाही राहवेना. पँट दुमडून तोही घुसला.

पहिल्याच जाळ्यात ताटलीएवढा खेकडा आला. पुढारीणबाईंनी गळ्यात दोरीने अडकवलेलं स्टीलचं झाकण त्याच्यावर धरलं.

"झाकणाखाली मावला तर परत पाण्यात. तुमच्या बायकोचा नियम!"

खेकडा झाकणाच्या चहूबाजूंनी बाहेर उरला. गावाने एकच गलका केला.

तो मात्र झाकणाकडे बघत राहिला. काठावरचा पोचा त्याच्या ओळखीचा होता. 'साखरेला मुंग्या लागतात, झाकण कुठे घालवलंस?' म्हणून तो रोज बायकोवर करवादायचा. 'कामाला लावलंय,' एवढंच ती म्हणायची.

"अहो ताई, हे तर आमच्या घरचं!" तो पोट धरून हसायला लागला.

"मग घेऊन जा की, भाऊजी."

"छे! हे परत नेलं तर ती मला घरात घ्यायची नाही."

घरी साखरेच्या डब्याला अजून झाकण नाही.