वाळूच्या गोण्या

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मांडव उतरून काहीच दिवस झाले होते आणि वेल्डर आयुष्यातला पहिला फुटबॉलचा सामना बघायला मैदानावर आला होता. दोन्ही गोल त्यानेच जोडलेले. खांब त्याला पाठ होते. खेळातलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं.

धाकटी गोलकीपर होती. तिच्या गोलामागे नजर गेली आणि तो ताडकन उठला. मागच्या दांडीवर वाळूच्या गोण्या नव्हत्या. असणार कुठून? मांडवाचे खांब दाबायला त्यानेच नेल्या होत्या, तिथेच त्या फुटल्या. गोण्यांशिवाय कुणी वरच्या दांड्याला लटकलं, की गोल तोंडावर आलाच. आणि धाकटी तर घरातल्या चौकटींनाही लटकणारी.

तो प्रशिक्षक बाईंकडे धावला. "बाई, सामना सुरू करू नका. गोल पडेल."

"काका, लोखंडाचा आहे तो, पत्त्यांचा बंगला नाही. बसा बघू."

समोरच्या गोलामागे दोन्ही गोण्या जागेवर होत्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि एक खांद्यावर घेतली.

"काका, आमच्या कुठे नेताय?" तिकडच्या उंच गोलकीपरने विचारलं.

"काम आहे जरा. आणतो परत." त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. "दांड्याला लटकू नकोस हं."

"मी काय माकड आहे?"

दुसरी गोणी आणेपर्यंत त्याला धाप लागली.

"बाबा, हमाली कधीपासून?" धाकटी हसली.

"गप. खेळाकडे बघ."

सामना सुरू झाला. धाकटीने चेंडू अडवला आणि टुणकन दांड्याला लटकली. त्याने डोळे मिटले. उघडले, तर गोल तसूभरही हलला नव्हता. मग तो त्या उंच मुलीवरच नजर ठेवून बसला. तिने दांड्याला बोटसुद्धा लावलं नाही.

शिट्टी झाली. मुली बाहेर येऊन पाणी प्यायल्या. संपलं एकदाचं! त्याचा जीव भांड्यात पडला. गोण्या परत नेण्याआधी तो फाटकापाशी नळावर तोंड धुवायला गेला.

पुन्हा शिट्टी ऐकून त्याने वळून पाहिलं. मुलींनी बाजू बदलल्या होत्या. पलीकडच्या गोलात धाकटीने उडी मारली, दांडा धरला आणि एक हात सोडून बापाला हलवला.

धाकटी त्याच संध्याकाळी गेली, थोरली सासरहून पोचायच्या आधी.