पान उलटण्याची जागा

आईने स्वरलिपीची पुस्तकं थोरलीपुढेच उघडली. धाकटी पियानो शिकली ती दाराआडून, नुसतं ऐकून. आई वारल्यावर तिने तो पहिल्यांदा वाजवला, तेव्हा थोरली खो खो हसली.

"अगं, तू मध्येच थांबतेस ना, ते गाण्यात नाहीच! तिथे आई पान उलटायची. पोपट कुठली!"

"तेवढंच आलं माझ्या वाट्याला, ताई."

ताई आपल्या घरी गेल्यावर ती पुन्हा बसली. त्या जागी थांबली, आणि पान उलटल्याचा आवाज आला. समोर पुस्तक नव्हतं.

धाकटीने दात आवळले आणि आईचं गाणं सोडून मनाला येईल ते वाजवायला घेतलं. पानं भराभर उलटू लागली, पुढे, मागे, कुणी जागा शोधत असल्यासारखी.

"नाही सापडायचं, आई. हे माझं आहे."

तिच्या कानाशी एक पान सावकाश फाटत गेलं.